घरचे कॅलेंडर, घरचा सर्व्हर

मोबाइल फोनच्या कॅलेंडरमध्ये केलेली नोंद फोनमध्येच राहते असा सर्वसाधारण समज असला, तरी बहुतेक फोनमध्ये ती नोंद लिहिल्यावर थोड्याच वेळात दूरच्या एका संगणकाकडे जाते, आणि फोनमध्ये दिसते ती तिची एक प्रत असते. इतर यंत्रांनी मागितलेली माहिती पुरवण्यासाठी सतत चालू ठेवलेल्या अशा संगणकाला, आणि त्यावर हे काम करणाऱ्या प्रोग्रामलाही, सर्व्हर म्हणतात. फोन, घरचा लॅपटॉप आणि कुटुंबातील इतरांचे फोन त्याच्याशी वेळोवेळी आपापल्या नोंदी ताडून पाहतात, म्हणूनच एका फोनवर लिहिलेली दंतवैद्याची वेळ दुसऱ्या फोनवरही दिसते. या ताडून पाहण्याला सिंक करणे असे नाव रूढ झाले आहे. हा सर्व्हर सहसा एखाद्या मोठ्या कंपनीच्या मालकीचा असतो, परंतु तो तसाच असला पाहिजे असे कोणतेही तांत्रिक बंधन नाही. घरातल्या जुन्या संगणकावर, तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय या संगणकावर किंवा भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर कोणत्याही कुटुंबाला, मंडळाला अथवा लहान दवाखान्याला स्वतःचे कॅलेंडर चालवता येते, आणि त्यासाठी लागणारे प्रोग्राम मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात.

असे कोणी का करावे, या प्रश्नाचे उत्तर कॅलेंडरमध्ये साठत जाणाऱ्या माहितीच्या स्वरूपात आहे. रुग्णालयातील तपासणी, न्यायालयातील तारीख, मुलांच्या शिकवणीचे वार, नोकरीच्या मुलाखती, घराला कुलूप असण्याचे दिवस, देवदर्शनाचे बेत या नोंदी सुट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात, पण काही वर्षांच्या नोंदी एकत्र वाचल्या तर त्या घराचे आरोग्य, श्रद्धा, पैसा आणि नाती यांचा जवळजवळ संपूर्ण आलेख हाती येतो, आणि तो आलेख तिसऱ्याच्या ताब्यात असावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या घराचा आहे. दुसरे कारण अवलंबित्वाचे आहे. मार्च २०१३ मध्ये गूगलने आपल्या कॅलेंडरशी कॅलडॅव्ह या खुल्या पद्धतीने जोडून घेण्याची मुभा निवडक विकासकांपुरतीच ठेवण्याचे जाहीर केले, आणि जूनमध्ये हा निर्णय मागे घेऊन ती मुभा सर्वांना कायम ठेवली. निर्णय मागे घेतला गेला हे चांगलेच झाले, परंतु आपल्या नोंदी आपल्या पसंतीच्या साधनाने वाचता याव्यात की नाही, हे दुसऱ्याच्या एका घोषणेवर अवलंबून राहू शकते हे त्या तीन महिन्यांत उघड झाले.

निवडीकडे वळण्यापूर्वी या व्यवस्थेचे दोन आधार समजून घेणे उपयोगाचे ठरते, कारण सर्व्हर कोणताही घेतला तरी ते दोन्ही त्याच्या खाली असतातच. पहिला आधार नोंद लिहिण्याच्या पद्धतीचा. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या व्हर्सिट नावाच्या गटाने व्हीकॅलेंडर ही मांडणी तयार केली, आणि तिच्यातून आयकॅलेंडर हे मानक उभे राहिले. इंटरनेटचे तांत्रिक नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात. आयकॅलेंडरचा पहिला दस्तऐवज नोव्हेंबर १९९८ मध्ये आला आणि आज पाळला जाणारा सुधारित दस्तऐवज, क्रमांक ५५४५, सप्टेंबर २००९ चा आहे. त्यानुसार प्रत्येक नोंद साध्या मजकुराच्या काही ओळींत असते, ज्यांत नोंदीची एकमेव ओळखखूण, आरंभ आणि समाप्तीची वेळ, शीर्षक, स्थळ आणि ती पुन्हा केव्हा यावी याचा नियम लिहिलेला असतो, आणि अशा नोंदींची फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडून वाचता येते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या मानकातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. आयकॅलेंडरची ओळ ७५ बाइटांपेक्षा मोठी नसावी आणि मोठी झाल्यास ती दुमडून खालच्या ओळीवर न्यावी अशी शिफारस आहे. बाइट हे संगणकीय साठवणुकीचे एकक असून, इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे देवनागरीत अवघ्या २५ चिन्हांनंतर ओळ दुमडावी लागते, आणि काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे मोजली जात असल्यामुळे एक मध्यम लांबीचे शीर्षकही या मर्यादेत मावत नाही. निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम ही घडी एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधोमध घालू शकतो, आणि ती नीट उलगडली गेली नाही तर अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. घडी उलगडताना मूळ बाइटांची साखळी पूर्ववत जुळवली पाहिजे अशी सूचना मानकातच आहे. म्हणून कोणताही सर्व्हर किंवा फोनवरील ॲप पारखताना पहिली नोंद ‘जिल्हा रुग्णालयात आजोबांची हृदयतपासणी’ अशी लांब आणि जोडाक्षरांची करावी, आणि ती एका फोनवरून दुसऱ्या फोनवर शाबूत पोहोचते का हे पाहावे.

दुसरा आधार म्हणजे नोंदींची ने-आण करण्याची पद्धत, कॅलडॅव्ह. लिसा ड्यूसॉल्ट यांनी तिचा पहिला मसुदा २००३ मध्ये मांडला, आणि सायरस डाबू व बर्नार्ड देरुइसो यांच्यासह सिद्ध केलेला दस्तऐवज मार्च २००७ मध्ये आरएफसी ४७९१ म्हणून प्रसिद्ध झाला. वेबपाने ज्या एचटीटीपी पद्धतीने पोहोचवली जातात, तिच्यात सर्व्हरवरील फाइली वाचण्या-बदलण्याची सोय वाढवणारी वेबडॅव्ह ही पद्धत आधीपासून होती, आणि कॅलडॅव्हने तिच्यावर कॅलेंडरपुरते नियम चढवले. तिची खरी कसोटी दोन माणसे एकाच नोंदीला हात लावतात तेव्हा लागते. सर्व्हर प्रत्येक नोंदीला ई-टॅग नावाची खूण देतो आणि नोंद बदलली की खूणही बदलते. फोन बदललेली नोंद पाठवताना आपल्याजवळची जुनी खूण सोबत देतो, आणि सर्व्हरवरची खूण दरम्यान बदललेली असेल तर सर्व्हर ती नोंद न स्वीकारता ४१२ क्रमांकाचा नकार कळवतो. त्यामुळे पतीने संध्याकाळी सहाची केलेली वेळ पत्नीच्या फोनमधल्या जुन्या प्रतीखाली नकळत गाडली जात नाही; नकार मिळालेल्या फोनला आधी नवी प्रत मागवून घ्यावी लागते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या आणखी एका दस्तऐवजाने, ‘मागच्या वेळेनंतर काय बदलले तेवढेच सांग’ असे सर्व्हरला विचारण्याची सोय केली, आणि हजारो नोंदींचे कॅलेंडरही फोनची बॅटरी फारशी न खर्चता अद्ययावत राहू लागले.

हे दोन आधार समाईक असल्यामुळे सर्व्हरची निवड वाटते तितकी निर्णायक नसते, कारण आज घेतलेला सर्व्हर उद्या पटला नाही तर त्याच नोंदी त्याच रूपात दुसरीकडे नेता येतात. निवडताना सोयींच्या यादीपेक्षा एका प्रश्नाला अधिक वजन द्यावे, तो म्हणजे या यंत्रणेची देखभाल वर्षानुवर्षे कोण करणार आणि त्याला त्यासाठी किती वेळ आहे. या कसोटीवर एका घरासाठी सर्वांत लहान सर्व्हर हाच सहसा सर्वांत चांगला ठरतो.

अशा लहान सर्व्हरमध्ये फ्रान्समधील कोझेआ या संस्थेत आकाराला आलेला, पायथन भाषेतील रॅडिकाले हा अग्रगण्य म्हणावा लागेल. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही. प्रत्येक कॅलेंडर हा एक फोल्डर आणि त्यातली प्रत्येक नोंद ही एक मजकुराची फाइल असते. दिसायला क्षुल्लक असलेली ही रचना मोठी जमेची बाजू आहे, कारण प्रोग्राम बंद पडला, तो लिहिणाऱ्यांनी काम सोडले किंवा संगणक बदलला, तरी तो फोल्डर उचलून नेला की सर्व काही हाती राहते. त्याच्या जुन्या आवृत्त्यांच्या मूळ मांडणीत मात्र पासवर्डाची तपासणी बंद असे आणि कोणतेही नाव चालून जाई, म्हणून तो घराबाहेरून दिसेल असा ठेवण्यापूर्वी ही तपासणी चालू आहे याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. कोणी कोणाचे कॅलेंडर पाहावे आणि कोणी बदलावे हे त्यात परंपरेने एका नियम-फाइलमध्ये लिहून ठरवले जाते, आणि संगणकाची सवय नसलेल्याला ते अवघड वाटू शकते. याच धाटणीचा, येल्मर व्हेर्नोइय यांनी लिहिलेला झँडिकोस नोंदी गिट या आवृत्ती-नोंद पद्धतीत ठेवतो, त्यामुळे चुकून बदललेल्या किंवा पुसलेल्या नोंदीची मागची अवस्था परत मिळवता येते.

बैकल हा सर्व्हर पीएचपी भाषेत आहे आणि तो साबर डॅव्ह या प्रोग्राम-संचावर उभा आहे. महाराष्ट्रातील असंख्य लहान व्यावसायिकांकडे आणि संस्थांकडे संकेतस्थळासाठी घेतलेली पीएचपीची जागा आधीच असते, आणि त्याच जागेवर बैकल बहुधा वेगळ्या खर्चाविना बसवता येतो, ही त्याची दुर्लक्षित राहिलेली बाजू आहे. ब्राउझरमधून वापरकर्ते आणि कॅलेंडरे जोडण्याचे पान त्यात असल्यामुळे आज्ञा टाइप करण्याची सवय नसलेल्या व्यक्तीलाही तो सांभाळता येतो, आणि सर्व नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये ठेवता येत असल्याने त्यांची प्रत काढणेही सोपे जाते.

नेक्स्टक्लाउडचे नाव या संदर्भात सर्वाधिक घेतले जाते. फ्रँक कार्लिट्शेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ओनक्लाउड या प्रकल्पापासून वेगळे होऊन तो सुरू केला. त्याचे कॅलेंडरही आतून साबर डॅव्हवरच चालते, शिवाय फाइली, छायाचित्रे, संपर्क आणि ब्राउझरमधले देखणे कॅलेंडर हे सारे तो एकत्र देतो. ज्यांना हे सगळे खरोखर हवे आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा. केवळ कॅलेंडरसाठी तो घेणे मात्र चूक ठरेल, कारण त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या साधारण एक वर्षच मिळतात, आणि मधली आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर उडी मारता येत नसल्याने दोन-तीन वर्षे हात न लावलेला सर्व्हर अद्ययावत करणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. पोस्टग्रेस डेटाबेसवर चालणारा डाव्हिकल आणि ईमेलसह सर्व काही सांभाळणारा सोगो हे कार्यालयांसाठी विचारात घेण्याजोगे असले, तरी घरासाठी ते अवजड आहेत. प्रकल्पामागचे नाव किती मोठे यावर भिस्त ठेवू नये, हेही येथे नमूद केले पाहिजे. ॲपलने स्वतः एक मुक्त परवान्याचा कॅलेंडर सर्व्हर तयार करून २००७ पासून आपल्या सर्व्हर-प्रणालीत दिला होता, आणि पुढे तो सोडून दिला.

फोनच्या बाजूला परिस्थिती विषम आहे. आयफोनमध्ये कॅलडॅव्ह मुळातच आहे; सेटिंग्जमध्ये कॅलेंडरचे नवे खाते जोडताना कॅलडॅव्ह हा प्रकार निवडून सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड दिला की काम होते. अँड्रॉइडमध्ये अशी सोय नाही, आणि अनेकांचा प्रयत्न याच टप्प्यावर अडतो. ही उणीव ऑस्ट्रियातील बिटफायर या संस्थेचे डॅव्हएक्स फाइव्ह हे ॲप भरून काढते, जे पूर्वी डॅव्हड्रॉइड नावाने ओळखले जाई. मुक्त प्रोग्रामांच्या एफ-ड्रॉइड या संग्रहातून ते विनामूल्य मिळते, तर प्ले स्टोअरवर त्याची किंमत मोजावी लागते. ते स्वतः कॅलेंडर दाखवत नाही. सर्व्हरवरच्या नोंदी फोनच्या सामाईक साठ्यात आणून ठेवते आणि मग एटार, फॉसिफाय कॅलेंडर किंवा गूगलचे कॅलेंडर ॲप यांपैकी कोणतेही त्या दाखवू शकते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप परस्पर बंद केली जातात, त्यामुळे डॅव्हएक्स फाइव्हला त्या निर्बंधातून सूट न दिल्यास सिंक अधूनमधून थांबते आणि दोष विनाकारण सर्व्हरवर येतो.

सर्व्हर ठेवायचा कोठे, हा प्रश्न भारतात थोडा वेगळा आहे. येथील अनेक मोबाइल आणि काही ब्रॉडबँड सेवांमध्ये एकच सार्वजनिक इंटरनेट-पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, आणि अशा जोडणीमागे असलेल्या घरातील संगणकापर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. त्यावर व्हीपीएनचा, म्हणजे फोन आणि घर यांच्यातील कूटबद्ध खासगी वाटेचा, उपाय आहे. वायरगार्ड हे त्याचे आज रुळलेले साधन असले, तरी दोन्ही टोकांना सामाईक पत्ता असल्यास मध्ये एखादा भाड्याचा सर्व्हर किंवा मध्यस्थ सेवा लागते. परंतु या खटाटोपापूर्वी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. फोनमध्ये सर्व्हरवरील नोंदींची प्रत असतेच, त्यामुळे सर्व्हर दिवसभर आवाक्यात नसला तरी कॅलेंडर दिसते, आठवण वाजते आणि नवी नोंदही करता येते. ती संध्याकाळी घरच्या वायफायवर आल्यावर सर्व्हरकडे जाते. ज्या कुटुंबातली माणसे रोज एका छपराखाली परततात त्यांना केवळ घरातून पोहोचता येणारा सर्व्हर पुरेसा आहे, आणि तोच सर्वांत सुरक्षितही आहे. वीज काही तास गेली तरी बिघडत नाही. माणसे वेगवेगळ्या शहरांत असतील तर मात्र भाड्याचा सर्व्हर बरा. तेथे एचटीटीपीएस, म्हणजे वाटेतील माहिती कूटबद्ध करणारी जोडणी, लावलीच पाहिजे, आणि तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते. कॅलडॅव्हमध्ये नोंदी सर्व्हरवर वाचनीय रूपातच असतात, म्हणून भाड्याचा सर्व्हर घेताना आपला विश्वास मोठ्या कंपनीवरून काढून भाडे घेणाऱ्या कंपनीवर ठेवत आहोत याची जाणीव असावी.

वेळक्षेत्राची परीक्षा परदेशी नातेवाईक असलेल्या मराठी घरांनी आवर्जून घ्यावी. पुण्यातील आजी-आजोबा आणि न्यू जर्सीतील नातवंडे दर रविवारी बोलत असतील आणि नोंद भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला केलेली असेल, तर हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात आणि मार्चमध्ये तेथील घड्याळे पुढे सरकली की अकरा. तीच नोंद न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी दहाला केली, तर उन्हाळ्यात पुण्यात ती संध्याकाळी साडेसातला यायला हवी. सर्व्हर आणि फोन दोघांनीही नोंदीतले वेळक्षेत्र जपले तरच असे घडते. म्हणून मार्चच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही तारखांची वेळ दोन्ही फोनांवर पाहून घ्यावी, तसेच मालिकेतला एकच रविवार दुसऱ्या वेळी हलवून बाकीचे रविवार जागेवर राहतात का हेही तपासावे.

तिथीची अडचण याहून खोल आहे आणि कोणत्याही सर्व्हरच्या बदलाने ती सुटत नाही. आयकॅलेंडरमधील पुनरावृत्तीचा मूळ नियम ग्रेगरियन दिनदर्शिकेवर आधारलेला आहे, तर गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि अधिक मासामुळे २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला येते. ‘दरवर्षी याच दिवशी’ या नियमात ही चाल बसत नाही. मे २०१५ मधील आरएफसी ७५२९ ने चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा इतर दिनदर्शिकांवर आधारित पुनरावृत्तीची वाट उघडली, पण तिचा अवलंब तुरळक आहे आणि त्या यादीतली भारतीय दिनदर्शिका म्हणजे २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेली शासकीय शक दिनदर्शिका, जी सौर आहे आणि जिच्यात तिथीला स्थान नाही. म्हणून वडिलांच्या श्राद्धाची तिथी, संकष्टी किंवा एकादशी यांच्या नोंदी पंचांग पाहून दर वर्षाच्या वेगळ्या कराव्यात, किंवा कोणी तयार केलेल्या आयकॅलेंडर फाइलचे वर्गणीदार व्हावे; आयफोनमध्ये ही सोय आहे आणि अँड्रॉइडवर बिटफायरचेच आयसीएसएक्स फाइव्ह ते काम करते. अशा पंचांगाला घरच्या नोंदींपासून वेगळे कॅलेंडर द्यावे, म्हणजे ते हवे तेव्हा लपवता येते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हे अनेकांना नुकसान झाल्यावरच कळते: एका फोनवर पुसलेले कॅलेंडर काही वेळात सर्वत्र पुसले जाते, कारण यंत्रणा सांगितलेले काम चोख करत असते. सर्व्हरवरील फोल्डरची किंवा डेटाबेस-फाइलची प्रत दररोज आपोआप दुसऱ्या यंत्रावर जावी, आणि त्या प्रतीवरून रिकाम्या संगणकावर सर्व्हर उभा करून पाहावा. घरातील दुसऱ्या एका व्यक्तीला पासवर्ड आणि ही पुनःस्थापनेची कृती कागदावर लिहून दिलेली असावी.

जुन्या नोंदी आणताना घाई करू नये. गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमधून निर्यात केल्यास प्रत्येक कॅलेंडरची आयकॅलेंडर फाइल मिळते आणि ती नव्या सर्व्हरवर चढवता येते, मात्र इतरांना पाठवलेली निमंत्रणे जिच्यात आहेत अशी फाइल निमंत्रण-ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरवर चढवली, तर जुन्या बैठकांची पत्रे पुन्हा सर्वांना जाण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी आयात करताना सर्व्हरची ईमेल पाठवण्याची सोय बंद ठेवावी, आणि जुने खाते निदान दोन-तीन महिने फोनमध्ये केवळ पाहण्यापुरते ठेवून नव्या नोंदी फक्त नव्या सर्व्हरवर कराव्यात.